दोनदाबाईची हजेरी

"मोठ्याने बोला," असं मी तिला पहिल्याच दिवशी तीनदा सुनावलं. कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागे बसून मला सव्वीस वर्षं झाली आहेत आणि काचेपलीकडून पुटपुटणारी माणसं मला मुळीच खपत नाहीत. प्रवेशाचे दिवस, बाहेर रांग, आत पंखा नावापुरता फिरतोय, आणि ही बाई ओठ हलवतेय पण ऐकू काही येत नाही. मी चौथ्यांदा तोंड उघडायच्या आत तिने पिशवीतून छोटी वही काढली आणि लिहून दाखवलं: 'शेवटच्या वर्षाला प्रवेश हवा आहे. दुपारनंतर आवाज जातो. माफ करा.' अक्षर अगदी वळणदार होतं. मी म्हटलं, मग सकाळी यायचं.

ती दुसऱ्या दिवशी रजा टाकून आली आणि ऑफिस उघडायच्या आधीच दारात उभी राहिली. "नमस्कार. शेवटच्या वर्षाचा फॉर्म हवा आहे. शेवटच्या वर्षाचा फॉर्म," ती म्हणाली, आणि माझा हात शिक्क्यावरच थांबला. हा आवाज मला ठाऊक होता. शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. वीस वर्षं बसस्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे आणि कुठली उशिरा येणार आहे हे सांगणारा आवाज. त्या आवाजाला चेहराही असेल, हे मात्र माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

स्टँडवर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा नियम. पहिल्यांदा सांगितलेलं माणसं ऐकत नाहीत, नुसते कान टवकारतात, दुसऱ्यांदा ऐकतात. तो नियम तिच्या अंगात इतका मुरला होता की दुकानात साबण मागितला तरी दोनदा मागायची. डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर तिला दोनदाबाई म्हणत. हे तिने स्वतःच मला फॉर्म भरता भरता सांगितलं, आणि सांगताना माझ्या अंगावर दात विचकले. मला वाटलं, बाई भलतीच तुसडी दिसते. मग वाटलं, मी तरी कुठे गोड आहे.

फॉर्मवर एक रकाना आहे: 'शिक्षणात खंड असल्यास कारण'. रकाना दोन बोटं लांब. बहुतेक पोरं त्यात 'घरगुती अडचण' लिहून मोकळी होतात. हिचा खंड तेवीस वर्षांचा होता. विसाव्या वर्षी दुसरं वर्ष पास झाली, त्याच उन्हाळ्यात आई गेली, घरात ती आणि वडील दोघंच, स्टँडवर जागा निघाली आणि ती चिकटली. तिने रकान्यात 'नोकरी' लिहिलं. मग जरा थांबून पुढे 'आजारपण' लिहिलं. मी म्हटलं, दोन कारणं नकोत, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. तिने 'आजारपण' खोडलं. मी तिला नवा फॉर्म दिला, कारण खाडाखोड मी चालवून घेत नाही.

आजार असा होता की स्नायू वापरला की थकायचा. तुमचा-माझाही थकतो, पण त्यासाठी आपल्याला पोती उचलावी लागतात. हिला नुसतं बोललं तरी पुरे. सकाळी गोळी घेतली की बारापर्यंत ती चारचौघींसारखी. मग आवाज आधी नाकात जायचा, मग नाहीसा व्हायचा. पापण्या खाली यायच्या, डावी जास्त. मान डोकं पेलायची नाही म्हणून हनुवटीखाली मूठ धरून बसायची. घास गिळताना जपावं लागायचं. तासभर गप्प पडून राहिली की थोडं थोडं सगळं परत यायचं. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं की डोक्याने धाडलेला निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. "म्हणजे गाडी वेळेवर सुटते, पण फलाटावर लागत नाही," तिने मला सांगितलं. पूर्ण बरा होणारा आजार नाही, सांभाळून राहायचा आजार.

आणि तोंडाचे स्नायूही त्यातलेच. ती हसायला गेली की ओठांचे कोपरे वर जायचेच नाहीत, वरचा ओठ तेवढा उचलला जायचा आणि दात दिसायचे. समोरच्याला वाटायचं, ही अंगावर धावून येतेय. आपलं हसू असं दिसतं हे तिला आरशाने सांगितलं नाही, लोकांनी सांगितलं. ती हसली की माणसं दोन पावलं मागे सरायची. फॉर्म भरताना मीही सरले होते. खुर्चीसकट.

आवाज गेल्यावर स्टँडवर दुसऱ्याच कुणाचा रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि तिला हरवलं-सापडलं विभागात बसवलं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे बूट. काम सकाळी सहा ते बारा. साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, वेळापत्रक विभागात जागा आहे, दिवसभर कागदावर गाड्यांच्या वेळा जुळवायच्या, कुणाशी बोलायचं नाही, आणि सगळ्या वेळा तुम्हाला तोंडपाठ आहेत. पण त्या जागेला पदवी लागते. जूनपर्यंत पदवी आणा, नाहीतर मला तुम्हाला वैद्यकीय कारणावरून घरी बसवावं लागेल. एकच वर्ष राहिलं होतं, म्हणून ती आली. त्रेचाळिसाव्या वर्षी घरी बसायची तिची तयारी नव्हती.

घरी वडील होते, ऐंशीचे, कानाने ठार. म्हणजे पूर्वी अगदी ठार नव्हते. मुलीचा खणखणीत आवाज तेवढा त्यांना ऐकू यायचा. तो बसला तसे ते पुरते बहिरे झाले. त्यांना वाटलं, पोरीने अबोला धरलाय. "माझं काय चुकलं ते तरी सांग," असं ते रोज विचारायचे. ती पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायची, 'काही चुकलं नाही, बाबा', तर त्यांना चष्मा सापडायचा नाही. शेवटी दोघांनी एक सोय काढली. सकाळी साडेपाचला, ती कामावर निघायच्या आधी, आवाज ताजा असताना, दिवसभराचं सगळं बोलणं उरकून घ्यायचं. औषधं कुठे आहेत, दुपारी काय गरम करायचं, कुणाचं पत्र आलं, हे ती त्यांच्या कानाशी ओरडून सांगायची आणि ते अर्धवट झोपेत हं हं करायचे. मग दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत घरात चमचा पडला तरच आवाज.

तर अशी ती आमच्याकडे दाखल झाली. खंडाची मंजुरी यायला वेळ लागला म्हणून पाच आठवडे उशिरा, आणि म्हणून हजेरीपटावर शेवटची. एकसष्ट नंबर. वर्ग दुपारी एक ते पाच. म्हणजे पहाटेपासून वापरलेला आवाज, डोकं पेलून थकलेली मान आणि लवलेल्या पापण्या घेऊन ती वर्गात येऊन बसायची. शेवटच्या बाकावर बसायची, भिंतीला डोकं टेकता यावं म्हणून. वर्गातल्या पोरांना आधी वाटलं, ही कुणीतरी तपासणीला आलेली मॅडम आहे. मग कळलं की विद्यार्थिनी आहे, तेव्हा त्यांनी काय करावं ते त्यांना सुचेना. तिच्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही, पुढचं बाकही रिकामं राहायचं. एकदा एका मुलाने पुस्तक मागितलं, तिने देताना हसून दाखवलं, मुलगा 'सॉरी' म्हणून निघून गेला. वाईट नव्हती पोरं. वीस-एकविसाव्या वर्षी माणूस आपल्यातच इतका गुंतलेला असतो.

इथे माझा हात गुंतला आहे, तो सांगून टाकते. हजेरी पूर्वी पहिल्या तासाला व्हायची. पोरं हजेरी लावून पसार व्हायची. चार वर्षांपूर्वी मीच प्रिन्सिपॉलना म्हटलं, हजेरी शेवटच्या तासाला ठेवा, बघू कोण पळतं ते. युक्ती नामी ठरली, माझं कौतुक झालं, आणि तेव्हापासून दिवसाची हजेरी पावणेपाचला होते. पावणेपाचला तिच्या घशातून हवासुद्धा धड निघायची नाही.

शेवटचा तास अर्थशास्त्राच्या सरांचा. सर निवृत्तीला आलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, मान खाली घालून नंबर घडाघडा म्हणत सुटायचे. 'हजर' ऐकू आलं तर खूण, नाही आलं तर फुली. "एकसष्ट." वर्ग घरी जायच्या घाईत, बाकं सरकताहेत, पिशव्या भरताहेत. ती शेवटच्या बाकावरून 'हजर' म्हणायची, ते तिच्या ओठांपलीकडे जायचं नाही. हात वर करायची. सर मान वर करायचे नाहीत. एकसष्ट गैरहजर.

महिनाअखेरीला माझ्याकडे बेरीज आली तेव्हा मी चक्रावले. ती रोज पावणेएकला माझ्या खिडकीवरून वर्गाकडे जायची आणि रजिस्टर म्हणत होतं, बाई येतच नाहीत. मी सरांना गाठलं. सर म्हणाले, "अरे हो, हो, बघतो." दोन दिवस त्यांनी मान वर केली, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. मागच्या फुल्या बदला म्हटलं तर म्हणाले, "खाडाखोड तुम्हीच चालू देत नाही ना?" माझेच दात माझ्याच घशात. अशा तिच्या तीस फुल्या झाल्या. परीक्षेला बसायचं तर, दाखल झाल्यापासून धरलेल्या तिच्या एकशेसाठ दिवसांतले एकशेवीस भरावे लागणार होते.

मग दिवाळखोरीला निघालेलं ते खातं अचानक सावरलं. एकसष्ट हजर, एकसष्ट हजर, एकही फुली नाही. मला वाटलं, सरांना माझं म्हणणं पटलं शेवटी. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि दुसऱ्या कामाला लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी ती खिडकीत आली. खूप वाळली होती. गळ्याला रुमाल बांधलेला. दोनदा बोलायची सवय आता सुटली होती, श्वास पुरवून वापरत होती. "मॅडम, हे दवाखान्याचं सर्टिफिकेट. जानेवारीत माझे बारा दिवस बुडाले आहेत. ते आजारपणात धरावे, म्हणून अर्ज जोडला आहे." नियम आहे तसा. आजारपणाचे पंधरा दिवसांपर्यंत माफ होतात. मी कागद घेतला. दाखल पाच तारखेला, घरी सतरा तारखेला, पुढे दोन दिवस विश्रांती, वीस तारखेला कॉलेज. सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. मी जानेवारीचं रजिस्टर काढून तिच्या ओळीवर पट्टी ठेवली.

एकसष्ट नंबर बाराही दिवस हजर होता.

माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, "हे काय आहे, बाई? तुम्ही दवाखान्यात होतात की वर्गात? कागद खोटा की रजिस्टर खोटं?" तिला कळेना मी काय म्हणतेय ते. मी रजिस्टर फिरवून तिच्यापुढे केलं. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं, एकेका चौकोनावर थांबत, शेवटच्या खुणेपर्यंत. मग पुन्हा सुरुवातीला गेली.  शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कचे कान आमच्याकडे लागलेले दिसले, तेव्हा मी रजिस्टर मिटलं आणि तिला घेऊन बाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसले. तिथे तिने सगळं सांगितलं.

हजेरी देत होती सत्तावीस नंबर. ही मुलगी कॉलेजात प्रसिद्ध आहे. प्रिन्सिपॉलपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करते आणि दांड्या मारणाऱ्या चार मैत्रिणींची हजेरी चार आवाजांत देते. ती दोन बाकं पुढे बसायची. रोज 'एकसष्ट'नंतरची शांतता तिने महिना-दीड महिना ऐकली असेल. एके दिवशी, सरांनी नंबर पुकारला तशी, कुणी सांगितलं नसताना, ही पोरगी बसस्टँडच्या आवाजात म्हणाली, "एकसष्ट हजर आहे. एकसष्ट हजर आहे." हुबेहूब. लहानपणापासून सुट्टीत आजोळी जाताना ऐकलेला आवाज. वर्ग खो खो हसला. सरांनी मान वर न करता खूण केली.

"तिने मागे वळून बघितलं, मॅडम," ती मला म्हणाली. "मला आवडलं का, हे बघायला. मला इतकं आवडलं होतं. दोन वर्षांनी माझा स्टँडवरचा आवाज ऐकला होता मी. मी जिवाच्या आकांताने हसले." आणि मुलीला दिसले विचकलेले दात. तिचे कान लाल झाले, ती पुढे वळली आणि पुन्हा कधी तिने मागे पाहिलं नाही. पण पोरीचं मन मोठं. नक्कल केल्याचा राग आला असं समजून नक्कल बंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज, साध्या आवाजात, पुढे तोंड करून, एकसष्टनंतर 'हजर' म्हणत राहिली. हिने आभाराची चिठ्ठी लिहून ठेवली होती. ती चिठ्ठी द्यायला ही उठेपर्यंत मुलगी फाटकाबाहेर गेलेली असायची. दोघींमध्ये एका शब्दाचं बोलणं नाही.

जानेवारीत सकाळी चहा करताना तिचा श्वास अडला. ओट्याला धरून खाली बसली. बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते, दहा पावलांवर. हाक मारायला आवाज नव्हता, आणि मारली असती तरी त्यांना ऐकू गेली नसती. तिने पातेलं खाली पाडलं. तेही त्यांना ऐकू आलं नाही. चहा अजून का येत नाही म्हणून ते उठून आले तेव्हा त्यांना कळलं. ते अनवाणी शेजाऱ्यांकडे धावले. पुढे सहा दिवस घशात नळी, श्वासाला मशीन. बाबा रोज येऊन पलंगाशी बसायचे. एकाला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही, मग ते तिचा हात धरून नुसते बसून राहायचे आणि वेळ संपली की जायचे.

"मी तिथे पडून वर्गाचाच विचार करायची," ती म्हणाली. "पावणेपाच वाजले की मनात नंबर मोजायची. साठ, मग माझा. वाटायचं, ती मुलगी हजर म्हणणार, तेवढ्यात तिच्या लक्षात येणार की बाक रिकामं आहे. ती वळणार. मग कुणीतरी विचारणार, त्या बाई कुठे गेल्या हो? कुणीतरी ऑफिसात येऊन तुम्हाला विचारणार. तुम्ही घरी फोन करणार. बाबांना फोन ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला कळायला दोन-तीन दिवस लागतील, असा हिशेबही मी केला होता." तिने हनुवटीखाली मूठ धरली. दमली होती. "बारा दिवस, मॅडम. माझं बाक रिकामं होतं आणि मी हजर होते."

अशा वेळी मी नियम सांगते. मी सांगितलं की खोटी हजेरी सापडली तर ज्याची लागली तो आणि ज्याने लावली तो, दोघंही त्या वर्षीच्या परीक्षेतून बाद. चौकशी प्रिन्सिपॉल करतात, पण कागद माझ्या टेबलावरून जातो. तिची हजेरी एकशेतीस दिसत होती. त्यातले बारा काढले की एकशेअठरा, म्हणजे दोन कमी. ते दोन भरून काढायला सर्टिफिकेट हवं, आणि सर्टिफिकेट जोडलं की बारा दिवसांचं पितळ उघडं पडतं. "तेव्हा हा कागद परत घ्या," मी म्हटलं. "तुम्ही आणलाच नव्हता, मी पाहिलाच नव्हता. रजिस्टर जे म्हणतंय ते म्हणू दे." सव्वीस वर्षांत असं वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं. 

"मला गैरहजर लावा," ती म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? वर्ष जाईल. नोकरी जाईल. त्या पोरीचं वर्षसुद्धा जाईल, तिने तुमचं भलंच केलंय."

"मला कळतंय. पण मी नव्हते तिथे. मी मरत होते, मॅडम. ते कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच."

मी म्हटलं, दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं आहे की. ती म्हणाली, तो कागद तर तुम्ही घरी न्यायला सांगताय. तेवढ्यात सत्तावीस नंबर मैत्रिणींबरोबर जिन्यावरून खाली आली. पॅसेजमध्ये बाकावर हिला बसलेली बघून तिने मान खाली घातली आणि पलीकडच्या भिंतीला घासून निघून गेली. ही तिच्याकडे बघत राहिली. हसायचा प्रयत्न मात्र केला नाही. मी उठून माझ्या जागेवर आले आणि तिला म्हटलं, बसा हवं तेवढं, विचार करा, खिडकी दोनपर्यंत उघडी आहे.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. ती परीक्षेला बसली. तीन तास पेपर लिहिताना हात थकू नये म्हणून तिला अर्धा तास जादा मिळाला, तो अर्ज मी स्वतः लिहून दिला. ती पास झाली, बऱ्यापैकी मार्कांनी. वेळापत्रक विभागात तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं असं ऐकते. सत्तावीस नंबरही पास झाली. सर निवृत्त झाले. हजेरीची वेळ मी प्रिन्सिपॉलना सांगून पुन्हा पहिल्या तासाला आणली, पोरं पुन्हा पळतात, पळू देत. कुणाचं काही वाकडं झालं नाही. मीच तेवढी त्या सकाळपाशी अडकून बसले आहे, कारण पुढचा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

अर्ध्या तासाने ती खिडकीशी आली. मी तिच्या हजेरीचा तक्ता तयार ठेवला होता. एकूण दिवस एकशेसाठ, उपस्थिती एकशेतीस, खाली छापलेलं: 'वरील उपस्थिती मला मान्य आहे', आणि सहीसाठी रेघ. तक्ता मी तिच्यापुढे सरकवला. सर्टिफिकेट अजून माझ्याच बाजूला पडलं होतं. तिने तक्ता वाचला, पण पेन घेतलं नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचारा."

"मी रोज पावणेएकला इथूनच जाते. तुम्ही इथेच बसलेल्या असता. कधी कधी मान हलवता. त्या दिवसांत तुम्हाला तरी जाणवलं होतं का, की मी येत नाहीये?" ती काचेच्या अगदी जवळ आली. "कुणा एकाला तरी जाणवलं असेल, तर कागदावर काहीही असू दे. मी सही करते."

खरं उत्तर 'नाही' होतं. जानेवारीत परीक्षेचे फॉर्म असतात, मान वर करायला फुरसत नसते, हे सगळं मी स्वतःला नंतर पुष्कळ समजावलं. बारा दिवस ती या खिडकीवरून गेली नाही आणि मला ते कळलंही नाही, हे खरं होतं. पण तिच्या डोळ्यांकडे बघून ते माझ्याच्याने बोलवेना. एवढी एक गोष्ट तिला मिळाली तर माझं काय जाणार होतं?

"हो," मी म्हटलं. "जाणवलं होतं तर."

तिचा चेहरा उजळला. म्हणजे वरचा ओठ उचलला गेला आणि दात दिसले, पण मला तोवर तिचं हसू वाचता येत होतं.

"कधी?" तिने विचारलं.

मी खाली पाहिलं. सर्टिफिकेटवरची तारीख समोरच होती. "पाच तारखेलाच," मी म्हणाले. "पाच तारखेला तुम्ही दिसला नाहीत, तेव्हाच मनात आलं माझ्या, आज या बाई कशा आल्या नाहीत."

तिचा ओठ हळूहळू खाली आला. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"पाच तारखेला रविवार होता, मॅडम," ती म्हणाली, आणि तिने काचेखालून पेनासाठी हात पुढे केला.